मीटर किती उंचीवर? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


मी रत्नागिरी जिल्ह्यात घरांचे आणि लहान इमारतींचे नकाशे करतो, त्यामुळे आपल्या खात्याची एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली माझ्या टेबलावर कायम उघडी असते. २०२० च्या डिसेंबरात ती आली तेव्हा आम्हा मंडळींना बरं वाटलं होतं. गावागणिक वेगळे असलेले नियम एका पुस्तकात आले. जिन्याची रुंदी, सामासिक अंतरं, गाड्यांची जागा, चटई क्षेत्राचा हिशेब, सगळं पालिकेचा माणूस पट्टी लावून तपासतो. तपासावंच. पण इतक्या वर्षांत परवानगीची फाइल फिरताना एक प्रश्न मला कुणी विचारलेला नाही: या इमारतीचे विजेचे मीटर जमिनीपासून किती उंचीवर आहेत?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, मंत्र्यांना पत्र लिहून विचारावा असा तर नाहीच. पण २२ जुलै २०२१ च्या पहाटेपासून चिपळूणच्या पेठेत वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी चढत गेलं आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्या मजल्याला लागलं, तेव्हा तिथल्या काँक्रीटच्या इमारती काही पडल्या नाहीत. पाणी ओसरल्यावर त्या जागच्या जागी उभ्या होत्या. तरी त्यांत राहता येत नव्हतं. मीटर बोर्ड तळमजल्यावर जिन्याखाली, पाण्याचा पंप त्याला लागून, पिण्याच्या पाण्याची टाकी पार्किंगच्या लादीखाली आणि सेप्टिक टँक तिच्यापासून चार पावलांवर. लिफ्टच्या खड्ड्यात कमरेइतका गाळ. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या घरात पाण्याचा थेंब शिरला नव्हता आणि प्यायला पाण्याचा थेंबही नव्हता. शहरातल्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि व्हेंटिलेटरवरचे रुग्ण दगावले, ही बातमी आपणही त्या वेळी वाचली असेल.

वादळ, पूर आणि उन्हाळा या तिन्हींनंतर नुकसान बघत फिरणं हा माझ्या व्यवसायाचा भाग आहे. त्यातून माझं एक मत बनलं आहे आणि तेवढंच सांगायला हे पत्र लिहितो आहे. सांगाडा बहुधा टिकतो. मोडतं ते सांगाड्यावर ठेवलेलं, त्याला लटकवलेलं, त्याच्या पोटात भरलेलं: पत्रा, मीटर, टाकी, खिडकी, गच्चीखालची खोली. आपली बांधकाम परवानगी मात्र सांगाडा आणि क्षेत्रफळ एवढंच बघते. हवामान बदलतं आहे ते नेमकं परवानगी जिथे बघत नाही तिथून घरात शिरतं आहे.

वाऱ्यापासून सुरुवात करतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आता वाऱ्याच्या भाराचं आपलं भारतीय मानक, म्हणजे आयएस ८७५ चा तिसरा भाग, उघडून बघा. तिथे मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. गोव्यासाठी ३९, म्हणजे ताशी १४०. निसर्गचा वारा या दोन्ही आकड्यांच्या आतलाच होता. मानकाप्रमाणे बांधलेलं काहीही त्या दिवशी उडायला नको होतं. तरी श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांत हजारो घरांची छपरं गेली, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली, आणि नंतर पत्रे आणि कौलं मिळेनात म्हणून लोकांनी पहिला पाऊस ताडपत्रीखाली काढला.

याचं कारण उघड आहे. कोकणातलं छप्पर मानक वाचून बांधलं जात नाही. ते वेल्डिंगवाला बांधतो. मालक त्याला सांगतो, 'पंचवीस बाय तीसची शेड हवी, दर बोल.' तो अँगल किंवा चौकोनी पाइप जोडतो, वर पत्रा टाकतो, स्क्रू मारतो आणि संध्याकाळी पैसे घेऊन जातो. दोन स्क्रूंमधलं अंतर तो अंदाजाने ठेवतो. वारा छपराला दाबत नाही, वर उचलतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. उतार जितका कमी तितकं हे वर ओढणं जास्त. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्यांवर तर ते मधल्या पत्र्यांहून कितीतरी जास्त, म्हणून तिथे बोल्ट दाट हवेत. शेडचे खांब गच्चीच्या कठड्यावर नुसते टेकवलेले असतील तर पत्र्यासकट अख्खा सांगाडाच उडतो आणि शेजारच्या अंगणात पडतो. निसर्गमध्ये मी असे सांगाडे नारळाच्या झाडांत अडकलेले पाहिले आहेत.

चौपाखी छप्पर वाऱ्यात दुपाख्यापेक्षा चांगलं टिकतं, कारण दुपाख्याला दोन टोकांना उभ्या त्रिकोणी भिंती असतात आणि वारा त्या आधी पाडतो. आमच्याकडचे जुने सुतार चौपाखी का करत, ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. कौलांचंही असंच आहे. वादळात कौलं निसटतात, फुटतात, पण एकेक करून, आणि मधल्या फटींतून आतली हवा बाहेर पडत राहते. पत्रा मात्र दहा-बारा फुटांचा एकसंध जातो, आणि उडता पत्रा माणूस कापतो.

त्याच मानकातली आणखी एक ओळ सांगायची आहे. २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळप्रवण किनाऱ्यासाठी एक वाढीव गुणांक दिला आहे. वादळानंतर चालू राहिल्याच पाहिजेत अशा इमारतींचा, म्हणजे रुग्णालयं, निवारा केंद्रं यांचा, वाऱ्याचा वेग १.३० पट धरून हिशेब करायचा. हा गुणांक पूर्व किनाऱ्याच्या आणि गुजरात किनाऱ्याच्या ६० किलोमीटर रुंद पट्ट्याला लागू आहे. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही. २०१५ साली तो नसणं समजू शकतो. २०२० साली निसर्ग आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते सगळा किनारा घासत वर गेलं. मानक बदलणं आपल्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण पालघर ते सिंधुदुर्ग या पट्ट्यातल्या ग्रामीण रुग्णालयांना आणि निवाऱ्याच्या शाळांना हा गुणांक राज्याने आपणहून लावायचा ठरवला तर दिल्लीहून कुणी अडवणार नाही.

आता पाण्याकडे येतो. पुराच्या निळ्या आणि लाल रेषेचा वाद आपल्याला नवीन नाही. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. २०२१ नंतर चिपळूणच्या नव्या पूररेषा आखल्या गेल्या तेव्हा शहराचा मोठा भाग त्यांत आला आणि गावात असंतोष उसळला. मी त्या असंतोषाच्या बाजूचा आहे आणि विरुद्धही. सगळी पेठ उचलून डोंगरावर नेता येत नाही, आणि डोंगर तरी कुठे सुरक्षित आहे? तळियेची दरड त्याच २२ जुलैची. माळीण, तळिये, इर्शाळवाडी इथे घराच्या रचनेने काहीही फरक पडला नसता, तिथे जागाच धोक्याची होती आणि तो विषय भूवैज्ञानिकांचा आहे. पेठेत मात्र रचनेने फरक पडतो.

नियमावली म्हणते की निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर बांधा. चांगला नियम आहे. आता तो जागेवर कसा पाळला जातो ते ऐका. प्लॉटवर दहा-बारा फूट लाल मातीचा भराव टाकला जातो, चारी बाजूंनी जांभ्याची भिंत बांधली जाते आणि वर इमारत उभी राहते. कागदावर नियम पाळला गेला. पण त्या भरावाने जेवढी जागा खाल्ली तेवढं पाणी शेजाऱ्याच्या घरात गेलं. पाच मालकांनी पाच भराव टाकले की सहाव्याचं कौलारू घर खड्ड्यात जातं, आणि मग त्यालाही बिल्डर गाठावा लागतो. उंची भरावाने मिळवायची नाही, खांबांवर मिळवायची, खालून पाणी जाऊ द्यायचं, असा एक शब्द त्या कलमात घातला पाहिजे.

आणि खांबांवर इमारत उचलली की लगेच खाली पार्किंग येतं, पार्किंगमागोमाग मीटर, पंप, वॉचमनची खोली येते. वॉचमनच्या खोलीबद्दल थोडं थांबतो. पूरक्षेत्रातल्या इमारतीत सर्वांत खालच्या पातळीवर झोपणारा माणूस तोच, बहुधा परगावचा, कुटुंबासह. नकाशात ती खोली आम्ही काढतो, पालिका मंजूर करते. ती मधल्या मजल्यावर नेली तर एका गाडीची जागाही जात नाही.

पूर येणाऱ्या शहरात माझ्या हातात असेल तर मी एवढंच करीन. मीटर, पंपाचं स्टार्टर, लिफ्टचं नियंत्रण आणि जनित्र हे सगळं नोंदलेल्या सर्वोच्च पुराच्या वर. तळमजल्याची वीज वेगळ्या सर्किटवर, म्हणजे ती तोडली तरी वरच्या मजल्यांचे दिवे राहतील. जमिनीखालच्या टाकीला रबरी कडेचं, बोल्टने घट्ट बसणारं झाकण. सांडपाण्याच्या वाहिनीला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पूर मोरीतून घरात येणार नाही. तळमजल्याच्या दुकानांना आतून जिप्समच्या भिंती आणि प्लायवूडऐवजी सिमेंटचा गिलावा आणि कडाप्पा, जे चिखल धुऊन काढल्यावर पुन्हा वापरता येतं. आणि दुकानाला माळा. पेठेतल्या जुन्या दुकानांना तो असायचाच, पुराची बातमी आली की माल वर जायचा. हल्ली फॉल्स सीलिंगच्या हौसेत माळे गेले. २०२१ ला पाणी कित्येक माळ्यांच्याही वर गेलं हे खरं आहे, पण दर पूर २०२१ चा नसतो.

यातलं काहीही महाग नाही. चार मजली इमारतीच्या एकूण खर्चात हा आकडा प्रवेशद्वाराच्या ग्रॅनाइटपेक्षा कमी येतो. तरी ते होत नाही, कारण फ्लॅट घेणारा ग्रॅनाइट बघतो आणि परवानगी देणारा यातलं काहीच बघत नाही.

कोल्हापुरात पूर फुटांत मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं हेही. लोकांच्या तोंडी असलेला हा आकडा इमारतीच्या नकाशावर कुठेही नसतो. छेदाच्या आराखड्यात जोत्याची रेषा असते, छताची असते, कठड्याची असते. पूररेषेच्या आतल्या प्रत्येक नकाशावर २००५, २०१९, २०२१ च्या पाण्याची रेषा ठळक काढणं सक्तीचं करा. फक्त काढणं. बाकी प्रश्न घर घेणारा स्वतः विचारील.

सगळ्यांत जास्त लिहायचं आहे ते उन्हाबद्दल, कारण पूर काही गावांत येतो, वादळ काही तालुक्यांत येतं, पण स्लॅब सगळ्या महाराष्ट्राने घातला आहे.

उघडा पाच इंची स्लॅब एप्रिल-मेच्या दुपारी वरून साठ अंशांच्या आसपास तापतो. ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. म्हणजे दुपारी दोनला वर पडलेलं ऊन संध्याकाळी सहा-सातला खोलीत उतरू लागतं, आणि रात्री अकराला पंखा फिरतो तो छताखालची गरम हवा अंगावर ढकलत. दिवसाच्या उन्हापासून माणूस झाडाखाली, पारावर, देवळात जाऊन वाचतो. रात्री त्याला जायला जागा नसते. उष्णतेच्या लाटेत शरीराला रात्रीचा गारवा मिळाला नाही की ते थकत जातं, म्हणून वृद्ध माणसं दुसऱ्या-तिसऱ्या रात्री खचतात. हे वरच्या मजल्यावरच्या एक खोलीच्या घरात घडतं, उष्माघाताच्या आकडेवारीत बहुधा येत नाही, आणि परवानगीच्या दृष्टीने ती खोली निर्दोष असते: क्षेत्रफळ बरोबर, उंची बरोबर, खिडकी आहे.

खिडकी आहे, पण कशी? सरकती. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कितीही सरकवा, अर्धीच उघडते. नियमात खिडकीचं क्षेत्रफळ पुरं भरतं, हवा निम्मी येते. कवाडांची खिडकी पूर्ण उघडते, आणि वर हातभर छज्जा असेल तर पावसातही उघडी राहते. छज्जा मात्र आता दर्शनी भागाच्या सपाटपणाला बाधक ठरतो, म्हणून वास्तुविशारदच काढून टाकतात. (माझ्या व्यवसायबंधूंवरचा राग इथे थोडा निघाला, क्षमस्व.) केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली इको-निवास संहिता काढली, तिच्यात खिडकीचं 'उघडणारं' क्षेत्रफळ मोजायला सांगितलं आहे. छतातून किती उष्णता आत यावी याचीही कमाल मर्यादा तिच्यात आहे: दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला १.२ वॅट. उघडा स्लॅब याच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. म्हणजे महाराष्ट्रातली बहुतेक घरं या एका आकड्यावर नापास आहेत. माझ्या फायलींत तो आकडा अजून कुणी मागितलेला नाही.

इलाज साधे आहेत. अहमदाबादने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर, २०१३ मध्ये, उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छपरांना पांढरा चुना, पांढरा रंग देण्याचं काम झालं. घरातलं तापमान त्याने दोन ते पाच अंशांनी उतरतं. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच आणलं. आपल्याकडे गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक घालायची पद्धत होतीच. नागपूर, चंद्रपूर, अकोला, परभणी इथे उद्यापासून प्रत्येक नव्या गच्चीवर तो सक्तीचा करा, मी टाळ्या वाजवीन.

रत्नागिरीत मात्र करू नका. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पांढरी गच्ची एका पावसाळ्यात शेवाळाने काळी होते आणि पुढच्या मार्चपर्यंत घासायला कुणी वर जात नाही. कोकणाने स्वतःचं उत्तर काढलं आहे: स्लॅबवर पत्र्याची किंवा कौलांची शेड. गळतीही थांबते, सावलीही होते, मधून वारा वाहतो, कपडे वाळतात, आमसुलं वाळतात. शास्त्राच्या दृष्टीने हे दुहेरी छप्पर उत्तम आहे. पण कागदावर ते बहुधा अनधिकृत, म्हणून लोक ते गुपचूप, घाईत, स्वस्तात करतात, आणि मग वादळात तेच उडतं. जे घराला उन्हापासून वाचवतं ते वाऱ्यात जीव घेतं, हा पेच सोडवायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. शेडला परवानगी द्या, चटई क्षेत्रात धरू नका, तीन बाजू उघड्या ठेवायची अट घाला, आणि बदल्यात बोल्ट, खांबांचं बूड आणि उतार यांचा एक ठरावीक आराखडा पाळायला लावा. सिरोंचा आणि सावंतवाडी यांना एकच जिन्याची रुंदी चालेल. एकच छप्पर चालणार नाही.

गरिबांच्या घरांबद्दल बोललं पाहिजे, कारण ती सरकारच बांधतं किंवा बांधायला पैसे देतं. घरकुल योजनेतलं २५ चौरस मीटरचं घर विदर्भात टिनाखाली असतं तेव्हा मे महिन्यात दुपारी त्यात कुणी थांबत नाही. त्या टिनाखाली बांबूच्या तट्ट्याचं किंवा साध्या बोर्डाचं दुसरं छत आणि मधल्या पोकळीला दोन टोकांना जाळ्या, एवढ्याने ते घर राहण्याजोगं होतं. मुंबईत उलटी तऱ्हा. गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा २०१८ साली अभ्यास झाला. इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना हवा, आणि क्षयरोगाशी त्याचा स्पष्ट संबंध. त्या चिंचोळ्या गल्ल्यांत उष्ण, दमट रात्री काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. झोपडी हटवून त्या माणसाला आपण पक्कं घर दिलं, आणि पक्क्या घरात त्याचा वारा काढून घेतला.

इथे कुणीतरी उठून म्हणेल की आपले पूर्वज शहाणे होते, मातीच्या भिंती आणि माळवदाची घरं किती गार असायची. गार असायची, हे खरं. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात त्याच माळवदांनी माणसं गाडली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर दोन-दोन फूट माती. सरकारी आकड्यानुसारच जवळपास ८ हजार माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्याने मातीचं छप्पर सोडलं आणि काँक्रीट धरलं, तो निर्णय भीतीतून आलेला असला तरी चूक नव्हता. मात्र भूकंपापासून वाचवणाऱ्या स्लॅबखाली आता उन्हाळा काढवत नाही. जुनं घर परत आणणं हा मार्ग नाही, स्लॅब फोडणं तर नाहीच. स्लॅबवर हलकं उष्णतारोधक आवरण घालणं, उलटी मडकी रचून वर कोबा करणं, पश्चिमेच्या भिंतीला सावली देणं, भिंतींना हलक्या पोकळ विटा वापरणं, असा तो कंटाळवाणा, मधला मार्ग आहे.

किनाऱ्यावरच्या काँक्रीटबद्दल एकच सांगतो. किनारी हवेत उघड्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे मानक किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिलिमीटरचं आवरण मागतं. गावात आजही एम-२० आणि बोटभर आवरणात कामं उरकतात. खारी, दमट, अधिकाधिक उष्ण हवा सळीला गंज चढवते, गंजाने सळी फुगते, आवरण निखळतं. मी सुरुवातीला म्हटलं की सांगाडा टिकतो. किनाऱ्यावर तो वीस-पंचवीस वर्षंच टिकतो.

आता हरित इमारतींच्या मानांकनाबद्दल, कारण आपल्या खात्याकडून उत्तर येईल ते बहुधा हेच असेल. नियमावलीत त्यासाठी तीन ते सात टक्के वाढीव चटई क्षेत्राचं प्रोत्साहन आहे. पुण्या-मुंबईचे मोठे विकासक ते घेतात, चांगलंच आहे. पण प्रमाणपत्रासाठी सल्लागार नेमणं गावातल्या चार मजली इमारतीच्या मालकाला परवडत नाही, आणि राज्यातली बहुतेक घरं अशाच मालकांची आहेत. शिवाय जादा क्षेत्र हे बक्षीस ठरतं तेव्हा सावली, हवा, उंची या गोष्टी ऐच्छिक ठरतात. आग लागल्यावर बाहेर पडायला जिना हवा, तो आपण बक्षिसावर ठेवलेला नाही. पाऊसपाणी साठवण्याची सक्ती ५०० चौरस मीटरवरच्या प्लॉटना आहे, तिची गत मात्र आपण जाणता. भोगवटा प्रमाणपत्राच्या आदल्या आठवड्यात खड्डा खणला जातो, पाइप जोडला जातो, फोटो निघतो. म्हणून मी मागतो आहे त्या गोष्टी डोळ्यांनी दिसतील अशा मागतो आहे. मीटर कुठे आहे हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. गच्ची पांढरी आहे की काळी हे रस्त्यावरून दिसतं. खिडकी किती उघडते हे उघडून कळतं.

आणि सुरुवात आमच्यापासून करू नका, स्वतःपासून करा. जिल्हा परिषदेच्या शाळांचे पत्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रांची जनित्रं, एसटीची आगारं, तलाठी कार्यालयातली दप्तरं ठेवायची खोली. चिपळूणच्या पुरात तिथल्या आगाराला काय भोगावं लागलं ते सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिलं. १८६४ साली सुरू झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ लाही पाणी शिरलं आणि २०२१ लाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकात छपराचे वाढीव बोल्ट, गच्चीचं आवरण आणि मीटरची उंची या बाबी आल्या की त्यांचे दर ठरतील, दर ठरले की ठेकेदार ती कामं शिकतील, आणि तोच ठेकेदार पुढे गावातल्या माणसाचं घर बांधतो.

शेवटी त्या वेल्डिंगवाल्याबद्दल. कोकणातल्या छपरांचा खरा वास्तुविशारद तो आहे, आणि विदर्भात टिन ठोकणारा मिस्त्री. नियमावली त्यांच्यापर्यंत कधीच पोचणार नाही, कारण ते फाइल करत नाहीत. किल्लारीनंतर या राज्याने ५२ गावं नव्या जागी वसवली, पण त्याहून मोठं काम जागेवरच्या घरांचं होतं. लाखाच्या वर घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांच्या हातून झालं. त्यासाठी गवंड्यांना शिकवलं, कनिष्ठ अभियंते गावोगावी फिरले, आणि महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहाय्यक' म्हणून घरोघर जाऊन कोपऱ्याचा दगड कसा बसवायचा ते समजावून सांगत होत्या. हे इथे, आपल्याच राज्यात, आपल्याच अधिकाऱ्यांनी केलेलं काम आहे. त्यातले काही अभियंते आता निवृत्त झाले असतील, पण हयात आहेत. लातूर आणि धाराशिवच्या कार्यालयांतून त्या कार्यक्रमाच्या फायली मागवून घ्या, आणि श्रीवर्धन किंवा दापोली यांपैकी एका तालुक्यातल्या वेल्डिंगवाल्यांना पावसाळ्याआधी आठवडाभर एकत्र बसवा. शिकवायला आम्ही काही जण येऊ, मानधन नको.

कळावे,

आपला,
एक स्थापत्य अभियंता
जि. रत्नागिरी